कूस बदलताच येणारी चक्कर : दवाखान्यातील तपासणी आणि उपचार

रात्री कूस बदलताना किंवा पहाटे अंथरुणातून उठताना खोली गरगर फिरते, पोटात ढवळते आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात सगळे पुन्हा जागच्या जागी येते, अशी तक्रार सांगणारे रुग्ण कुटुंबवैद्याकडे नेहमीच येतात. त्यांच्या पिशवीत बहुधा मानेचा एक्स-रे असतो, गळ्यात पट्टा असतो आणि बीटाहिस्टीनच्या गोळ्या काही महिने चालू असतात. पन्नाशी उलटलेल्या जवळजवळ कोणाच्याही मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसते. त्यामुळे चक्कर मानेतून येते हा समज पक्का व्हायला वेळ लागत नाही. प्रत्यक्षात हा विकार आतल्या कानाचा असतो, त्याचे निदान तपासणीच्या टेबलावर रुग्णाचे डोळे पाहून होते आणि त्याचा उपचार वैद्याने हाताने करायचा असतो. या लेखात ती तपासणी आणि तो उपचार कसा करावा हे सांगितले आहे. तो सामान्य वैद्यकीय व्यावसायिक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी लिहिला आहे. रुग्णाने केवळ वाचून स्वतःवर प्रयोग करण्यासाठी नाही.

या विकाराचे पूर्ण नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो असे आहे. व्यवहारात त्याला बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानातील युट्रिकल या पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक एका चिकट थरात रुतलेले असतात. वयोमानाने, डोक्याला मार लागल्याने, कानाच्या तोलाच्या नसेला सूज येऊन गेल्यानंतर किंवा अनेकदा काहीही कारण न सापडता हे स्फटिक सुटतात आणि अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी एकीत शिरतात. त्यानंतर डोके विशिष्ट दिशेला वळले की स्फटिक नलिकेत खाली घसरतात, त्यांच्यामागे द्रव ओढला जातो आणि मेंदूला डोके फिरत असल्याचा खोटा संदेश मिळतो. स्फटिक तळाशी पोहोचून थांबले की संदेश थांबतो, म्हणूनच चक्कर एका मिनिटाच्या आत ओसरते. उभे राहिलेल्या किंवा झोपलेल्या माणसाच्या कानात मागील नलिकेची जागा सर्वांत खालची असते, त्यामुळे दहापैकी आठ ते नऊ रुग्णांत स्फटिक तिथेच सापडतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांत आडवी नलिका बाधित असते. पुढील नलिकेचा विकार विरळा असतो.

आधी काय विचारावे

'चक्कर येते' हे शब्द रुग्ण अनेक अर्थांनी वापरतो. कोणाला खोली फिरताना दिसते, कोणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, कोणाचा चालताना तोल जातो आणि कोणाला फक्त डोके जड वाटते. नेमके कसे वाटते यावर वेळ घालवण्यापेक्षा चक्कर कशाने सुरू होते आणि किती वेळ टिकते हे विचारल्यास निदानाच्या जवळ लवकर पोहोचता येते. अंथरुणावर कुशीवर वळताना, आडवे होताना, उठून बसताना, माळ्यावरचा डबा काढण्यासाठी किंवा तारेवर कपडे वाळत घालण्यासाठी मान वर करताना, खाली वाकून केर काढताना चक्कर येते का, हे एकेक करून विचारावे. यात सर्वांत उपयोगी प्रश्न कुशीवर वळण्याचा आहे. उभे राहताना येणारी अंधारी रक्तदाब उतरल्यामुळेही असू शकते. पण झोपल्या झोपल्या कूस बदलताना रक्तदाब उतरत नाही. तरीही रुग्ण आडवा असताना आणि उभा राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून घ्यावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल, तर ते कारण स्वतंत्रपणे हाताळावे लागते. ज्येष्ठांमध्ये ही दोन्ही कारणे एकत्र नांदताना दिसतात.

वेळेच्या बाबतीत रुग्णाचे उत्तर जसेच्या तसे स्वीकारू नये. चक्कर पंचवीस सेकंदांची असते, पण नंतरची मळमळ आणि भीती धरून रुग्ण ती 'अर्धा तास' सांगतो. 'भिंत प्रत्यक्ष फिरत होती तो वेळ किती?' असे विचारल्यास आकडा झपाट्याने खाली येतो. फिरणे खरोखरच वीस मिनिटे ते काही तास टिकत असेल आणि सोबत एका कानाने कमी ऐकू येणे, कानात आवाज होणे असेल, तर मेनियरच्या विकाराचा विचार करावा. दिवसच्या दिवस अखंड चक्कर असेल, तर ती तोलाच्या नसेची सूज किंवा मेंदूच्या मागील भागातील पक्षाघात असू शकते. अशा रुग्णाची वाट वेगळी आहे आणि त्याच्यावर पुढे वर्णन केलेल्या कृती करण्यात अर्थ नाही. एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. अखंड चक्कर असलेल्या रुग्णालाही डोके हलवल्यावर जास्त त्रास होतो. त्यामुळे 'हालचालीने वाढते' एवढ्यावरून बीपीपीव्ही ठरत नाही. स्वस्थ पडून असताना चक्कर पूर्णपणे थांबते का, हे विचारायला हवे.

वयोवृद्ध रुग्ण पुष्कळदा गरगरण्याचा उल्लेखच करत नाहीत. 'पाय ठरत नाहीत', 'पहाटे बाथरूमला जाताना पडले' एवढेच घरचे सांगतात. पडून आलेल्या प्रत्येक ज्येष्ठ व्यक्तीची पुढील चाचणी करावी असे माझे मत आहे, कारण कारण सापडले तर ते त्याच भेटीत दूर करण्याची शक्यता असते आणि मोडलेल्या खुब्याच्या तुलनेत हा खटाटोप नगण्य आहे.

डिक्स-हॉलपाइक चाचणी

मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी 1952 साली वर्णन केलेली ही चाचणी आजही निदानाचा पाया आहे. तिला लागणारे साहित्य म्हणजे एक टेबल, एक उशी आणि उलटी झाल्यास एक भांडे. आपल्याकडील बहुतेक दवाखान्यांत तपासणीचे टेबल भिंतीला चिकटवलेले असते, त्यामुळे डोके टेबलाच्या कडेखाली नेता येत नाही आणि चाचणी राहून जाते. टेबल हलवता येत नसेल तर उशी अशा जागी ठेवावी की आडवे झाल्यावर ती रुग्णाच्या खांद्यांखाली येईल; डोके आपोआप मागे झुकते आणि हवा असलेला 20 अंशांचा कोन मिळतो. घरभेटीत साध्या पलंगावरही हे जमते.

रुग्णाला आधी नीट समजावून सांगावे : 'तुम्हाला चक्कर येईल, ती काही सेकंदांत थांबेल, मी तुम्हाला धरून ठेवलेले आहे, फक्त डोळे मिटू नका.' या वाक्यातील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. चक्कर सुरू होताच रुग्ण डोळे गच्च मिटतो आणि चाचणी वाया जाते. उजव्या कानाची चाचणी करताना रुग्णाला पाय लांब करून टेबलावर बसवावे, डोके 45 अंश उजवीकडे वळवावे आणि दोन्ही हातांनी डोके धरून त्याला चटकन पाठीवर निजवावे. डोके उजवीकडे वळलेलेच आणि किंचित मागे झुकलेले राहील हे पाहावे. चटकन म्हणजे एक-दोन सेकंदांत, पण मानेला हिसका न देता. डाव्या कानासाठी हेच डावीकडे. ज्या बाजूचा संशय कमी असेल ती बाजू आधी तपासावी. संशयाची बाजू आधी घेतली तर रुग्ण दुसऱ्या बाजूला तयार होत नाही.

निजवल्यावर डोळ्यांकडे पाहत निदान अर्धा मिनिट थांबावे. बहुतेक रुग्णांत पहिले काही सेकंद काहीच होत नाही आणि घाईचा वैद्य इथेच 'चाचणी नकारात्मक' असे लिहून मोकळा होतो. पाच ते वीस सेकंदांच्या विलंबानंतर डोळे थरथरू लागतात, थरथर वाढते, शिखर गाठते आणि एका मिनिटाच्या आत विरते. मागील नलिकेच्या विकारात या थरथरीला, म्हणजे निस्टॅग्मसला, दोन अंगे असतात : डोळा कपाळाच्या दिशेने झटके देतो आणि त्याच वेळी त्याचा वरचा ध्रुव खालच्या कानाकडे वळतो. हे फिरणे बुबुळाकडे पाहून पटकन लक्षात येत नाही; डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील एखाद्या रक्तवाहिनीवर नजर ठेवली तर ते स्पष्ट दिसते. रुग्णाला उठवून बसवल्यावर थरथर उलट्या दिशेने थोडा वेळ येते. मोबाइलवर डोळ्यांचे जवळून चित्रीकरण करून ठेवणे फार उपयोगी पडते, कारण ते सावकाश चालवून पुन्हा पाहता येते आणि वरिष्ठांना किंवा तज्ज्ञाला दाखवता येते. अर्थात त्यासाठी रुग्णाची संमती घ्यावी.

मानेचा मणका अस्थिर असणे, मानेची अलीकडेच झालेली शस्त्रक्रिया, तीव्र संधिवाताने मान बाधित असणे, डोळ्याचा पडदा नुकताच सुटलेला असणे अशा परिस्थितीत ही चाचणी करू नये. मान मागे न्यायची नसेल तर रुग्णाला टेबलाच्या कडेला बसवून, डोके 45 अंश विरुद्ध बाजूला वळवून, तपासायच्या कानाच्या कुशीवर निजवावे. नलिकेवर होणारा परिणाम तोच असतो आणि मान सरळ राहते. कमरेचे किंवा पाठीचे दुखणे असलेल्या स्थूल रुग्णांतही ही रीत अधिक सोपी जाते.

हात आवरता घ्यावा असे प्रसंग

थरथर निजवताक्षणी विलंबाशिवाय सुरू झाली, मिनिट उलटले तरी थांबली नाही, किंवा डोळे केवळ खाली, हनुवटीच्या दिशेने झटके देत असतील, तर स्फटिकांवर भिस्त ठेवू नये. खाली जाणारी थरथर क्वचित पुढील नलिकेच्या विकारात दिसते, परंतु लहान मेंदू किंवा मेंदूचा बुंधा यांच्या विकारातही दिसते, आणि दुसरी शक्यता तपासून बाजूला काढल्याखेरीज पहिली गृहीत धरता येत नाही. दुहेरी दिसणे, बोलणे जड होणे, चेहरा वाकडा होणे, गिळताना त्रास, एका बाजूच्या हातापायांत बधिरता, आधाराशिवाय उभेच राहता न येणे, अचानक सुरू झालेली तीव्र डोकेदुखी किंवा अचानक आलेले बहिरेपण यांपैकी काहीही सोबत असेल तर रुग्णाला तातडीने रुग्णालयात पाठवावे. याउलट चित्र नमुनेदार असेल आणि चाचणीत ठरावीक थरथर दिसली असेल, तर एमआरआयची गरज नसते. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2017 साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांतही अशा रुग्णांत सरसकट प्रतिमा तपासण्या करू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे.

एप्लीची कृती

अमेरिकेतील पोर्टलंड येथील कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेली कृती मागील नलिकेच्या विकारासाठी सर्वाधिक वापरली जाते. नलिकेत अडकलेले स्फटिक डोके टप्प्याटप्प्याने फिरवून पुन्हा युट्रिकलमध्ये आणणे हा तिचा हेतू आहे. चाचणी सकारात्मक आली की रुग्णाला 'उद्या या' म्हणू नये. तो पहिल्याच टप्प्यात पडलेला असतो, तिथूनच पुढे जावे.

उजवा कान बाधित आहे असे धरू. डोके उजवीकडे 45 अंश वळलेले व मागे झुकलेले, हा पहिला टप्पा. थरथर थांबेपर्यंत आणि एकूण निदान अर्धा ते एक मिनिट इथे थांबावे. नंतर डोके तसेच झुकलेले ठेवून सावकाश 90 अंश डावीकडे वळवावे आणि पुन्हा तेवढाच वेळ थांबावे. तिसऱ्या टप्प्यात रुग्णाला डाव्या कुशीवर वळायला सांगावे आणि त्याच वेळी डोके आणखी 90 अंश फिरवावे, म्हणजे नाक जमिनीच्या दिशेने जाईल. नवशिक्याची चूक बहुधा इथे होते : खांदा वळतो पण डोके मागे राहते आणि रुग्ण समोरच्या भिंतीकडे पाहत राहतो. 'टेबलाखालची फरशी दिसते का?' असे विचारावे. दिसत असेल तर कोन बरोबर आहे. अर्धा-एक मिनिट थांबून, हनुवटी छातीकडे ठेवून, रुग्णाला डाव्या बाजूने पाय खाली सोडून उठवून बसवावे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या टप्प्यात पहिल्यासारखीच, त्याच दिशेची थरथर पुन्हा दिसली तर स्फटिक पुढे सरकत आहेत असे समजावे; उलट दिशेची दिसली तर ते मागे परतले असण्याची शक्यता असते आणि कृती पुन्हा करावी लागते.

उठून बसल्यावर रुग्णाला लगेच सोडू नये. याच क्षणी काहींना मागे किंवा बाजूला फेकले गेल्यासारखा जोराचा झटका जाणवतो आणि टेबलावरून पडण्याचा धोका असतो. समोर उभे राहून दोन्ही खांदे धरावेत आणि दोन-तीन मिनिटे तसेच बसवून ठेवावे. नंतर थोड्या विश्रांतीने डिक्स-हॉलपाइक पुन्हा करावी. थरथर उरली असेल आणि रुग्णाला सोसत असेल तर त्याच बैठकीत कृती पुन्हा करता येते. फार मळमळणाऱ्या रुग्णाला कृतीच्या अर्धा तास आधी उलटीविरोधी गोळी देण्यास हरकत नाही.

मान मागे झुकवणे शक्य नसलेल्यांसाठी फ्रान्समधील सेमाँ यांची कृती आहे. डोके निरोगी बाजूला 45 अंश वळवून रुग्णाला बाधित कुशीवर निजवायचे, एक-दोन मिनिटे थांबायचे आणि डोक्याचा कोन न बदलता एका दमात विरुद्ध कुशीवर, नाक गादीकडे जाईल असे, न्यायचे. ही कृती वेगावर अवलंबून असल्याने वजनदार किंवा अशक्त रुग्णांत ती जमवणे कठीण जाते.

आडवी नलिका

इतिहास अगदी नमुनेदार आहे पण डिक्स-हॉलपाइकमध्ये काही दिसत नाही, किंवा डोळे आडवे थरथरतात, अशा वेळी रुग्णाला पाठीवर निजवून डोके उशीने 30 अंश उचलावे आणि चटकन एका कुशीकडे, मग मध्ये, मग दुसऱ्या कुशीकडे वळवावे. आडव्या नलिकेच्या विकारात दोन्ही बाजूंना थरथर येते आणि चक्कर अधिक तीव्र असते. झटके जमिनीकडे असतील तर ज्या बाजूला ते जोरकस, तो कान बाधित. अशा रुग्णाला बाधित बाजूकडून निरोगी बाजूच्या दिशेने 90-90 अंशांच्या टप्प्यांनी, प्रत्येक ठिकाणी अर्धा ते एक मिनिट थांबत, पालथे करून पूर्ण वेढा घालून फिरवावे. झटके छताकडे असतील तर गणित उलटे होते, म्हणजे कमी जोराची बाजू बाधित असते, आणि स्फटिक नलिकेच्या टोकाशी असलेल्या संवेदक पडद्याला चिकटलेले असू शकतात; सवय नसलेल्याने असा रुग्ण तज्ज्ञाकडे सोपवलेला बरा. एप्लीनंतर मागील नलिकेतील स्फटिक आडव्या नलिकेत शिरल्याचेही अधूनमधून आढळते. रुग्ण 'आता जास्तच फिरते' म्हणत परत आला तर उपचार फसला असे मानण्याआधी ही चाचणी करून पाहावी.

गोळ्या, पथ्य आणि पाठपुरावा

सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन, बीटाहिस्टीन यांपैकी कोणतेही औषध स्फटिक जागेवर आणत नाही. पहिली दोन तोलाच्या यंत्रणेला गुंगी आणतात, ज्येष्ठांचा तोल आणखी बिघडवतात आणि दीर्घकाळ घेतल्यास हातापायांना कंप व जडपणा आणू शकतात. गोळी द्यायचीच तर मळमळीसाठी, दोन-तीन दिवस. रुग्ण औषधाच्या चिठ्ठीशिवाय समाधानी होत नाही ही अडचण खरी आहे. पण कृतीनंतर त्याच टेबलावर पुन्हा निजवून 'आता फिरत नाही ना?' असे विचारले की बहुतेकांचे समाधान होते.

पूर्वी कृतीनंतर दोन रात्री बसून झोपण्याचा आणि गळ्यात पट्टा बांधण्याचा सल्ला दिला जात असे. त्याची आवश्यकता नाही. त्या दिवशी स्वतः दुचाकी चालवत घरी जाऊ नये, सोबत कोणीतरी असावे, एवढे पुरे. गरगरणे थांबले तरी डोके हलके वाटणे, चालताना अधांतरी वाटणे काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे राहते. हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर रुग्ण घाबरून अंथरुणाला खिळतो; त्याने उलट रोज चालावे आणि मान मोकळी हलवावी. आठवड्याभराने, फार तर महिन्याच्या आत, पुन्हा तपासावे. दोन-तीन बैठकांनंतरही चाचणी सकारात्मक येत असेल तर निदानाचा नव्याने विचार करावा.

हा विकार उलटतो. साधारणपणे निम्म्या रुग्णांना पाच वर्षांत तो पुन्हा गाठतो, हे पहिल्याच भेटीत सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते. वारंवार उलटणाऱ्या रुग्णात, विशेषतः पाळी गेलेल्या स्त्रियांत, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासावी. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण कोरियातील एका मोठ्या चाचणीत, ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांना ते कॅल्शियमसह दिल्यावर पुनरावृत्तीचे प्रमाण घटल्याचे दिसले. बाधित बाजू निश्चित माहीत असलेल्या, मान धडधाकट असलेल्या आणि सोबतीला घरचे कोणी असलेल्या रुग्णाला एप्लीची कृती घरी करायला शिकवता येते. मात्र ती एकदा दवाखान्यात स्वतः करून दाखवायला लावावी.

केसपेपरवर 'व्हर्टिगो, गोळ्या दिल्या' एवढेच न लिहिता कोणता कान, कोणती नलिका, थरथर किती सेकंदांनी सुरू होऊन किती टिकली, कोणती कृती किती वेळा केली आणि नंतरची चाचणी काय आली, हे लिहावे. रुग्ण वर्षभराने दुसऱ्या गावी, दुसऱ्या वैद्याकडे गेला तरी त्या दोन ओळींवरून उपचार पहिल्या पाच मिनिटांत सुरू करता येतो.